बाबांची हाक आली की ध्यान मोडतं

ह्या वेळी एकच पत्र घेतलंय, आपल्या कोल्हापुरातल्याच एका मुलीचं. वय ३६. पत्र मोठं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून जेवढं लागतंय तेवढंच देते.

"मावशी, मी एका शाळेत चित्रकला शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. चौदा महिन्यांपूर्वी बाबांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आयुष्यभर फाउंड्रीत मोल्डर होते. आता एकच शब्द राहिलाय, 'चल'. पाणी पाहिजे तरी चल, पंखा लावायचा तरी चल, लघवी लागली तरी चल. आई नाही, भाऊ पुण्यात. ह्या चौदा महिन्यांत मी एकही चित्र काढलेलं नाही, ट्यूबमधले रंग दगड झालेत. कुणीतरी म्हणालं पहाटे ध्यानाला बस, आतून सुचायला लागेल, म्हणून अ‍ॅप घेतलं, २१ दिवसांचं होतं, नवव्या दिवशी सुटलं. कारण डोळे मिटले की पाच मिनिटांत आतल्या खोलीतून हाक येते, चल. परवा मी त्यांच्यावर ओरडले, इतकी की शेजारच्या काकू दारात आल्या. बाबा नुसते बघत राहिले. माझ्यासारखीला ध्यान जमणारच नाही का? आणि चित्र परत येईल का? लहानपणी हेच बाबा रविवारी सकाळी मला सायकलवर बसवून रंकाळ्याला न्यायचे, मी रंगवायचे आणि ते काठावर बिडी ओढत बसायचे."

पोरी, आधी ओरडण्याचं बोलूया. तू ते दोन ओळींत उरकलंयस पण मला वाटतंय गाठ तिथंच बसलीय, ध्यान आणि चित्र हे नंतरचं.

चौदा महिने म्हणजे सव्वाचारशे रात्री. रात्री किती वेळा उठतेस ते लिहिलं नाहीस, पण ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला लागत नाही, कूस बदलायची, पॉट द्यायचा, चादर ओली झाली का हात घालून बघायचं, आणि सकाळी परत डबा करून शाळा गाठायची. एवढ्या झोपमोडीवर माणूस चिडला तर लगेच मी वाईट आहे का म्हणून आपला स्वभाव उकरत बसू नये. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. एका दुपारी, ती चादर मला अजून आठवते, निळ्या चौकड्यांची, त्या जेवायला नको नको करत होत्या आणि मी त्यांच्या हातातली ताटली हिसकावून घेतली, गरम आमटी सगळी चादरीवर आणि माझ्या हातावर, आणि त्या मला म्हणाल्या, "भाजलं काय गं तुला?" मी त्या दिवशी चुकलं म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मग ते राहूनच गेलं आणि त्या गेल्या. म्हणून तुला अगदी कळकळीनं सांगते, बाबांची माफी मागितली नसशील तर आजच माग, त्यांच्या डाव्या बाजूला बस, डावा हात हातात घे आणि सरळ सांग, बाबा परवा मी चुकले, दमले होते. त्यांना बोलता येत नाही म्हणून समजत नसेल असं धरून चालू नको. बोलणं गेलेल्या पुष्कळ पेशंटना समोरच्याचं बरंच कळत असतं, शब्द बाहेर यायची वाट तेवढी बंद झालेली असते. त्या दिवशी ते नुसते बघत राहिले असं तू लिहिलंयस, बघण्याशिवाय त्यांच्याकडं दुसरं काय होतं सांग.

हे झालं की मग ध्यान.

तुला ज्यांनी सांगितलं की पहाटे बस, आतून सुचेल, त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं असणार, पण अर्धवट सांगितलं. सुचावं म्हणून ध्यानाला बसलं की ते बसणं परीक्षेसारखं होतं, आज सुचलं का, आज काय वाटलं, कितवा दिवस, किती राहिले, आणि मग अ‍ॅपवरचा एक दिवस चुकला की सगळंच गेल्यासारखं वाटतं. मी स्वतः आळत्याला जाऊन आलेय, हातकणंगल्याजवळ धम्मालय म्हणून विपश्यनेचं केंद्र आहे तिथं. दहा दिवस. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, फोन नाही, वही-पेनसुद्धा नाही, आणि फी घेत नाहीत, आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर चालतं. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे गुडघे फुटायला आले होते आणि डोक्यात कुठल्यातरी जुन्या लग्नातल्या मानपानाचा हिशोब चालू होता, कुणी कुणाला कसली साडी दिली, आणि मला रडू आलं की हे आपल्याला जमणारं नाही. नंतर हळूहळू कळलं की मन पळालं हे ध्यानात येणं आणि न चिडता त्याला परत श्वासापाशी आणणं, एवढाच तर व्यायाम आहे. शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा आणायचं. तू पाच मिनिटांत मोडलं म्हणतेस ना, मला त्यात मोडलेलं काही दिसतच नाही.

आणि हे पण सांगते की मी तुला आत्ता आळत्याला जायला सांगणार नाही. दहा दिवस बाबांना कोण बघणार हा एक भाग झालाच, पण मन इतकं थकलेलं असताना दहा दिवसांचं मौन झेपेलच असं नसतं, मनाचं दुखणं जास्त असेल तर तिथं अर्ज भरतानाच त्याबद्दल विचारतात. तिकडं जायची वेळ पुढं कधीतरी येईल. तिथं दहा दिवस कुणी हाक मारत नाही, घरात मारतात, आणि तुला घरातलंच काहीतरी पाहिजे.

आमच्या गल्लीत एक जैन आज्जी आहेत, रोज सामायिक करतात, म्हणजे मन समतोल ठेवून एका जागी बसणं, ४८ मिनिटं, नातवंडं आजूबाजूला दंगा करत असतात, कुकरच्या शिट्ट्या होत असतात. मी एकदा विचारलं की एवढ्या आवाजात कसं जमतं, तर म्हणाल्या आवाज आला तर आला म्हणायचं, त्याच्या मागं जायचं नाही. आपल्याकडं घरं कधी शांत होती गं, तरी बायका-माणसं बसतच आलीत की.

पतंजलींनी सांगितलेली योगाची आठ अंगं शाळेत कधीतरी ऐकली असशील, यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. ह्यात ध्यान सातवं आहे. आणि पहिलं जे यम, त्यातलं सुद्धा पहिलं काय, तर अहिंसा. म्हणजे डोळे मिटून बसायच्या कितीतरी आधी, माणसं एकमेकांशी कशी वागतात तिथनं सुरुवात धरलीय. तुला अ‍ॅपनं थेट सातव्यावर नेऊन सोडलं. तू जे रोज करतेस, कूस बदलणं, तोंड पुसणं, ती सुरुवातीचीच पायरी आहे, फक्त तुला कुणी तसं सांगितलेलं नाही म्हणून तू तिला ध्यानाच्या आड येणारं काम समजतेस.

आता ती हाक.

व्हिएतनामचे एक भिक्खू होते, थिक न्हात हान, २०२२ साली गेले. फ्रान्समध्ये त्यांनी १९८२ साली प्लम व्हिलेज म्हणून आश्रम सुरू केला. तिथं दिवसभरात मधेमधे घंटा वाजते, आणि वाजली की जो जिथं असेल तिथं थांबतो, भाजी चिरणारा सुरी खाली ठेवतो, बोलणारा वाक्य अर्ध्यात सोडतो, श्वासापाशी येतात आणि मग पुढं चालू. फोनची रिंग वाजली तरी तसंच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सासूबाईंच्या हाकांचाच विचार केला होता. तुझ्या घरात घंटा आहेच, दिवसातनं वीस वेळा वाजतेय, आणि तू तिच्यापासून लपून पहाटे साडेचारला बसायला बघतेस.

करून बघ. "चल" ऐकू आलं की ताडकन उठू नको. (ठसका लागल्याचा, पडल्याचा आवाज असेल तर पळ, तिथं श्वास-बीस बघू नको.) एक श्वास पूर्ण आत, पूर्ण बाहेर. मग ऊठ. खोलीत शिरताना दाराच्या चौकटीला हात लाव, लाकूड गार आहे का, रंग कुठं उडालाय, एवढं हाताला कळू दे. आणि आत गेल्यावर "काय पाहिजे?" विचारायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघ. दोन सेकंद. ते कुठं बघतायत, तांब्याकडं, पंख्याकडं, मांडी आवळून धरलीय का, का कुठंच नाही आणि नुसते दाराकडंच बघतायत. तू चित्रकार आहेस, चेहरा वाचणं हे तुझं काम आहे, वर्गात पोरांना तू भुवईच्या एका रेषेनं भाव कसा बदलतो ते शिकवत असशील, आणि घरात मात्र आपण सगळेच दारातनंच ओरडतो, काय पाहिजे, पाणी का, पंखा का, आणि तोपर्यंत ते माणूस वैतागलेलं असतं. माझा अंदाज आहे की वीसातल्या पाच-सहा हाका कशासाठीच नसतात. खोलीत एकट्याला नुसतं छत बघत पडल्यावर कुणीतरी आहे ना एवढंच तपासायचं असतं. तेव्हा दोन मिनिटं बसायचं आणि परत यायचं.

ह्याच्याच पुढचं एक काम सांगते आणि हे मात्र ह्या आठवड्यात कर. बोलणं गेलेल्यांसाठी स्पीच थेरपिस्ट चित्रांचे तक्ते वापरतात, पेशंट बोटानं दाखवतो, पाणी, पंखा, दुखतंय. बाजारात तयार मिळतात, नेटवर पण मिळतील. तू विकत घेऊ नको. तू काढ. पोस्टकार्डाएवढे सहा कागद काप, आणि तुमच्या घरातला तांब्या काढ, कुठला तरी ग्लास नको, तोच, पोचा आलेला असेल तर पोचा आलेला. तुमचा पंखा, त्याच्या बटणासकट. पॉट. चादर. दुखतंय म्हणजे त्यांचाच खांदा, जो फिजिओवाला हलवताना ते डोळे मिटतात. आणि सहाव्या कागदावर दोन माणसं शेजारी बसलेली काढ, त्याचा अर्थ 'नुसती बस'. डाव्या हाताला पोचतील असे लाव. रंग वाळलेत म्हणतेस, पेन्सिल आहे ना, शाळेतली कुठल्यातरी पोरानं टाकून दिलेली असली तरी चालेल.

मला ठाऊक आहे तू म्हणशील मावशी हे चित्र नव्हे. एकदा काढून बघ आणि मग सांग. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा तू एका तांब्याकडं दहा मिनिटं बघितलेलं असशील, आणि ते बघणं कुणाच्या तरी तहानेसाठी असेल.

मी 'करुणा' हा शब्द अजून मुद्दामच वापरला नव्हता कारण तो ऐकला की आपल्याला वाटतं आता दुसऱ्याचं दुःख आणखी अंगावर घ्यायचं, आणि तू तर आधीच ते घेऊन वाकलीयस. इथं एक फरक आहे तो मला फार उशिरा कळला. जर्मनीत लाइपझिगला माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच्यावर बरीच वर्षं काम केलं. दुसऱ्याचं दुखणं बघून आपल्यालाही तसंच दुखायला लागतं ते एक, आणि त्याला बरं वाटावं अशी आतून ऊब वाटते ते दुसरं. माणसांना आधी पहिल्याचा सराव दिला तर ती जास्त खचली, मग दुसऱ्याचा सराव दिल्यावर सावरली, आणि मेंदूतसुद्धा दोन्ही वेळेला वेगवेगळे भाग कामाला लागलेले दिसले. म्हणजे थकवतं ते दुखणं ओढून घेणं. करुणेनं माणूस थकत नाही, उलट तिच्यात थोडा दम परत मिळतो.

हे मी कागदावर वाचायच्या आधी एकदा बघितलं होतं. २०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं होतं, तुला आठवतच असेल. गल्लीगल्लीत बायका भाकरी थापत होत्या, आम्ही एका शाळेतल्या छावणीत न्यायचो. मी भराभर वाटत चालले होते, डोळ्यांत पाणी, छाती भरून आलेली, कुणाकडं नीट बघायचं धाडसच होत नव्हतं, बघितलं की रडू येईल म्हणून. एका म्हातारीनं माझं मनगट धरलं. चिखली-आंबेवाडीकडची असावी. म्हणाली, "म्हस सोडून आलो गं, दावं कापलं का न्हाई कुणी, काय म्हाईत." आणि तिची दुसऱ्या हाताची बोटं सारखी दावं सोडत असल्यासारखी हलत होती, गाठ सोडायची, परत सोडायची. मी टोपली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. म्हशीचं मी काय करणार होते, काहीच नाही. मी नुसती तिची बोटं बघत होते आणि मनात एवढंच होतं की हिला जरा बरं वाटू दे. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे माझं रडू थांबलं. पळत पळत वाटताना जे अंगावर येत होतं ते बसल्यावर आलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली जा आता, पोरं उपाशी हाईत, आणि मी संध्याकाळपर्यंत वाटत राहिले, न थकता.

शेजारी जाऊन बसणं हे तर आपल्या कोल्हापूरला नवीन नाही. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं आणि अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक फिरकेनात, तेव्हा शाहू महाराज मदत पाठवून मोकळे झाले नाहीत, स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. मला ती गोष्ट आठवली की दरवेळी वाटतं, त्या माणसाला पैशापेक्षा समोर बसून प्यायलेला तो कप किती मोठा वाटला असेल.

तर रोज एक छोटीशी गोष्ट. रात्री बाबांना शेवटची कूस देताना (दर दोन तासांनी बदलायला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून) हात त्यांच्या पाठीवर असतो ना, तेव्हा तो तसाच ठेवून मनात म्हण, बाबांना आराम पडू दे. तीन वेळा. मग स्वतःचा हात स्वतःच्या पोटावर ठेवून, मला पण आराम पडू दे. तीन वेळा. दुसरं विसरू नको, बायका नेमकं तेच विसरतात. विपश्यनेत शेवटच्या दिवशी मंगल मैत्री म्हणून शिकवतात ती ह्याच जातीची. केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर समोरच्या कुणाही एकाकडं बघून हेच म्हणता येतं, कंडक्टरकडं, झोपलेल्या पोराकडं. वर्गात तो रंग न आणणारा मुलगा असतोच प्रत्येक शाळेत, त्याच्याकडं बघून. दारात आलेल्या त्या काकूंकडं बघून तर नक्कीच, आणि जमलं तर त्यांना विचार की शनिवारी संध्याकाळी एक तास बाबांजवळ बसाल का. त्या भांडायला आल्या नव्हत्या गं, काळजीनं आल्या असतील.

भावाचं. तू त्याच्याबद्दल दोनच शब्द लिहिलेत, 'भाऊ पुण्यात', आणि त्या दोन शब्दांत बरंच काही आहे. योगसूत्रात मन प्रसन्न व्हायला चार गोष्टी सांगितल्यात, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, आणि जो चुकीचं वागतो त्याच्याबद्दल उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हटलं की दुर्लक्ष, हेळसांड असा अर्थ झालाय, तिथला अर्थ मात्र तसा नाही, त्याच्या वागण्यानं आपलं मन ढवळू न देणं असा आहे. पण मन ढवळू दिलं नाही म्हणजे गप्प बसायचं असं कुणी सांगितलेलं नाही! रागात फोन करू नको, रविवारी दुपारी शांतपणे कर आणि सरळ माग. रात्रीसाठी आठवड्यातनं तीन दिवस बाई ठेवायला किती लागतात ते आधी विचारून ठेव आणि तो आकडा त्याला सांग, 'थोडी मदत कर' असं म्हणू नको, आकडा सांग, आणि महिन्यातनं एक शनिवार-रविवार तू ये म्हण. करुणेच्या नावाखाली एकट्या बाईनं झिजून जायचं हे मला अजिबात मान्य नाही, आणि आपल्याकडं त्याचंच कौतुक जास्त होतं.

आणि हे पण गंभीरपणे. झोप मिळूनसुद्धा झोप येत नसेल, सकाळी उठूच नये असं रोज वाटत असेल, जगून काय करायचं असले विचार येत असतील तर ते ध्यानानं निभवायचं नाही, डॉक्टरकडं जायचं. सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. सांभाळणारी माणसं हा फोन करायला लाजतात, तू लाजू नको.

आता चित्र परत येईल का. येईल असं वचन मी कशी देऊ. पण एक बघ. टाउन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमानांची चित्रं आहेत, पोरांना घेऊन गेली असशीलच. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेला माणूस, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार, आणि आयुष्यभर काय रंगवलं तर रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा, घरापासून चालत जाता येईल एवढंच. १९३१ ला गेले तोपर्यंत. तेच पाणी, तीच झाडं, तोच संध्यामठ. मला चित्रातलं तुझ्याएवढं कळत नाही पण त्यांच्या पाण्यासमोर उभं राहिलं की एवढं कळतं की हा माणूस विषय शोधत फिरलेला नाही, ह्यानं एका जागी बसून पाणी बघितलंय, सकाळचं, दुपारचं, ढगातलं.

तुझ्याकडं आत्ता रंकाळा नाही, एक खोली आहे. त्या खोलीत एक हात आहे ज्यानं चाळीसेक वर्षं काळी वाळू दाबून साचे केले. फिजिओचा व्यायाम तू रोज करून घेतेसच, एकेक बोट उघडायचं, मिटायचं. ते मोजत करतेस ना, दहा, वीस, आणि मन शाळेत. एखाद्या दिवशी मोजू नको, बघ. नखांच्या कडेला अजून ती काळी रेघ आहे का, ठिणगीचे जुने डाग कुठं आहेत, लुळं पडल्यावर तळहाताची कातडी कशी मऊ झालीय. त्या हाताचं चित्र काढावंसं वाटलं तर काढ, पण आधी त्यांना विचार. पेन्सिल दाखव, हाताकडं बोट कर, मान हलवतील. नको म्हणाले तर नको. आजारी माणसाच्या अंगाला दिवसभर सगळे न विचारता हात लावत असतात, उचलतात, वळवतात, कपडे काढतात, एक गोष्ट तरी विचारून झालेली त्यांना बरी वाटेल.

शेवटी ते 'चल'. तू पत्रात सगळ्यात खाली सायकलचं लिहिलंस आणि मला वाटत नाही तुझ्या स्वतःच्या लक्षात आलंय तू काय लिहिलंयस. रविवारी सकाळी सायकल काढताना ते काय म्हणत असतील? असे एखादे शब्द स्ट्रोकनंतर आपोआप राहतात, त्याच्यामागं काही अर्थ असेलच असं नाही, तेव्हा त्यावर फार मोठी गोष्ट रचू नको. पण एका रविवारी तू आधी म्हण. डॉक्टरांना विचारून घे, व्हीलचेअर भाड्यानं मिळते, गल्लीतल्या तालमीतल्या दोन पोरांना सांगितलंस तर उचलून रिक्षात बसवतील आणि परत उतरवून पण घेतील, कोल्हापूरची पोरं ह्याला नाही म्हणत नाहीत. सहा-साडेसहाला निघा म्हणजे ऊन नसतं आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी पण व्हायची असते. रंकाळ्याला टॉवरच्या बाजूला पायऱ्या नसतील अशी जागा आदल्या दिवशी जाऊन बघून ये. त्यांना शाल, तुला एक छोटी वही, ट्यूब वाळल्या असतील तर वरनं कापून आतला गोळा पाण्यात भिजव, जलरंग असतील तर परत चालतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पाण्याच्या बाटल्या दोन घे, एक ब्रश बुडवायला आणि एक बाबांना प्यायला, आणि त्यांच्या बाटलीवर खूण करून ठेव.